उजव्या चाकाची धाव

दोन माझे ल्योक, एका गाडीची दोन चाक
एकाला लागला दगड, दुसऱ्यानं मारली हाक

आईचा हा आवाज. पहाटेच्या जात्यावरचा, पिठासारखा ऊबदार, थोडा घोगरा. 'हाक' म्हणताना ती खुंटा धरलेला हात थांबवायची, श्वास घ्यायची, आणि मग जातं पुन्हा घरघरायला लागायचं. आईला जाऊन कैक वर्षं झाली होती, पण आप्पारावांना ती ओवी अजून जशीच्या तशी ऐकू येई.

एवढी एकच गोष्ट त्यांना धड ऐकू येत होती.

बाकीचे आवाज एकेक करून निघून गेले होते. आधी चिमण्या गेल्या. मग बैलांच्या गळ्यातली घुंगरमाळ गेली. मग दारातली पावलं, चुलीवरच्या भाकरीवरची थाप, देवळातली घंटा. कुणी मागून बोललं तर मानेला नुसता वारा लागल्यासारखं वाटे. समोर तोंड दिसलं, तर ओठांवरून अर्धंमुर्धं कळे, आणि उरलेलं ते अंदाजानं भरून काढत.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. भिवराबाई मात्र हल्ली बोलायच्या आधी त्यांच्या मनगटाला हात लावी, आणि चुलीजवळून न बोलता पदराला हात पुसत समोर येई. तिनं कधी ओळखलं, हे ती बोलली नाही. त्यांनीही विचारलं नाही.

टाकळवाडी हे निजामाच्या मुलखातलं, घाटाच्या पायथ्याचं गाव. तिथं ऐकू न येणाऱ्याला 'भैरं' म्हणत, आणि भैऱ्याच्या हातात घाटात कुणी कासरा देत नसे. घाटाची वाट एका गाडीपुरती. वळणापलीकडची गाडी दिसायच्या आधी ऐकू यावी लागते. वरचा ओरडतो, "होऽऽ, गाडी हाय!" आणि खालच्यानं जागा बघून थांबायचं असतं. आप्पाराव तर सगळ्या गावाच्या गाड्यांचा कान. लोक गाडी त्यांच्या दारावरून हळू नेत आणि विचारत, "आप्पा, काय म्हणतंय बगा आमचं चाक." आप्पाराव डोळे मिटून ऐकत आणि सांगत, आख कोरडा पडलाय, वंगण घाल. नाहीतर सांगत, धाव ढिली झाली, लोहाराकडं ने. धाव, म्हणजे चाकाच्या लाकडी घेराला बाहेरून कवटाळून बसलेला लोखंडी पट्टा. ती घट्ट आहे तोवर चाक चाक असतं. ती निसटली की लाकडाचे तुकडे होतात आणि गाडी बसते.

असा माणूस भैरा झाला, हे गावाला कोणत्या तोंडानं सांगायचं? अजूनही लोक विचारत. आप्पाराव अजूनही डोळे मिटत. फक्त आता हात चाकावर ठेवत आणि लाकडाची थरथर तळहाताला कळते का ते बघत. बहुतेक वेळा कळे.

भावाला सांगायची वेळ मात्र एकदा आली होती, आणि त्यांनी ती घालवली होती.

काही पावसाळ्यांमागची गोष्ट. धाकटा भाऊ बंकट कडबा भरलेली गाडी घेऊन नाल्यातून येत होता. आप्पाराव डोक्यावर पेंढी घेऊन पुढं चालले होते, हाकेच्या अंतरावर. नाल्यात बैल बसला, गाडी कलंडली आणि बंकटचा पाय चाकाखाली आला. त्यानं हाक मारली, "दादाऽऽ!" मारतच राहिला. दादाची पाठ बांधावरून चालत चालत लहान झाली आणि बाभळीआड गेली. शेवटी मागून येणाऱ्या मेंढक्यांनी चाक उचललं. पाय वाचला, पण चालीत कायमची लचक राहिली.

कळल्याबरोबर आप्पाराव धावत घरी आले आणि भावाच्या अंथरुणाशी बसले. बंकट भिंतीकडं तोंड करून पडला होता. तसाच तो काहीतरी बोलला. त्याचा खांदा हललेला आप्पारावांनी पाहिला. काय बोलला ते मात्र कळलं नाही, म्हणून ते गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा बंकटनं जो अर्थ लावायचा तो लावला.

"तुमाला इचारत व्हते ते," भिवराबाईनं दुसऱ्या दिवशी समोर येऊन सांगितलं. "म्हणत व्हते, दादा, इतक्यांदा हाक मारली, कावून वळला न्हाईस?"

तेव्हाच उठून जावं आणि खरं सांगून टाकावं, असं त्यांच्या मनात आलं. पण पाय उचलेना. भावाला दगड वाटलो तर वाटू दे, भैरा नको वाटायला, असं त्यांनी स्वतःशी ठरवलं आणि बैलांना पाणी पाजायला गेले.

पाय बरा झाल्यावर बंकटनं वेगळं निघायचं म्हटलं. कारण सांगितलं नाही. पंच बसले. शेत वाटलं, भांडी वाटली, आंब्याच्या फांद्यासुद्धा वाटल्या. गाडीपाशी मात्र घोडं अडलं. ती बापानं केलेली. मी घेतो असं कुणी म्हणेना, तू घे असंही म्हणेना. धर्मराज लोहार पंचांत होता. तो वैतागून म्हणाला, "मग एकेक चाक घ्या बाबांनो, आन् आमाला घरी जाऊ द्या!"

लोक हसले. दोघं भाऊ हसले नाहीत. त्यांनी ते तसंच धरलं. उजवं चाक आप्पारावांचं, डावं बंकटचं. तेव्हापासून गाडी दोन घरांच्या मधल्या लिंबाखाली उभी राही. आप्पाराव उजव्या आखात वंगण घालत, बंकट डाव्या. गावातले टवाळ विचारत, "आज डावं चाक बाजारला चाललंय का उजवं?"

दोघांत अबोला होता. आणि आप्पारावांना मनातल्या मनात त्या अबोल्याचा आधार होता. जो भाऊ बोलतच नाही, त्याचं ऐकू येत नाही हे कळणार कसं?

*

चैत्र लागला. बंकटची लेक छबू घाटावर नांदूरघाटला दिलेली. तिला सातवा महिना लागला होता, आणि पहिलं बाळंतपण माहेरी. व्याह्यांचा सांगावा आला की अष्टमीला येऊन न्यावं. छबू जन्मली बंकटच्या घरात, पण वाढली आप्पारावांच्या खांद्यावर. त्यांना आणि भिवराबाईला मूल नव्हतं. ती त्यांना 'मोठे बाबा' म्हणे, आणि वाटणीच्या दिवशी पंचांना तिनं विचारलं होतं, "आन् मी कुणाच्या वाट्याला?"

सांगावा आला त्याच दिवशी केशरबाई, बंकटची बायको, घागर घेऊन भिवराबाईला विहिरीवर गाठून म्हणाली, "जाऊबाई, आमच्या मालकांनी सांगितलंय, तुमच्या मालकांना सांगा, म्हणावं धावा बदलायला पायजेत. दोन्ही चाकांच्या. छबीला आणायच्या आदी."

"मग तुझ्या मालकांनीच येऊन सांगावं की."

"अबोला हाय न्हवं त्यांचा."

"अबोला त्यांचा, आन् तंगड्या आपल्या मोडायच्या!" भिवराबाई म्हणाली, आणि दोघींच्या हसण्यात घागरीतलं पाणी सांडलं. मग केशरबाई हसायची थांबली. "जाऊबाई, खरं सांगू? मला भ्या वाटतं. उजवं चाक होळीपास्नं वाजतंय. पोर दोन जिवाची हाय."

भिवराबाईनं घरी येऊन नवऱ्याच्या मनगटाला हात लावला आणि सगळं सावकाश सांगितलं. आप्पारावांनी ऐकून घेतलं. उठले, लिंबाखाली गेले, उजव्या चाकाभोवती फिरले. उन्हानं लाकूड आकसलं होतं. धाव आणि घेर यांच्या मधे बोटाचं नख जाईल एवढी फट दिसत होती. हे तर दर उन्हाळ्यात होतं. पण वाजतंय? होळीपासून?

त्यांनी चाकाला टिचकी मारली. मग दगड मारला. हाताला काहीतरी कळलं, आणि कळलं ते त्यांना आवडलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ धर्मराजच्या लोहारशाळेत आपापलं चाक घरंगळत घेऊन गेले. वाटेनं एकमेकांत चार हातांचं अंतर, मधे कुत्रं चाललेलं. धर्मराजनं भाता मारायचं थांबवलं.

"आज दोन्ही चाकं एकदम! पाऊस पडंल आता."

"धर्मराज," बंकट म्हणाला, "त्यांना सांग, धावा बदलायच्या."

"कुणाला? हे काय समोरच उभे हायेत."

"तू सांग."

धर्मराजनं आप्पारावांकडं वळून सांगितलं. त्याच्या मिशा ओठांवर अशा उतरल्या होत्या की आप्पारावांना निम्मे शब्द मिशांतच अडकलेले दिसले. तरी 'धावा' एवढं कळलं. ते म्हणाले, "आदी बग तरी."

धर्मराजनं हातोडी घेऊन डाव्या चाकाच्या धावेवर मारली. मग उजव्या. बंकटनं तोंड वेडावाकडं केलं, धर्मराजनं मान हलवली. आप्पाराव हातोडीकडं बघत नव्हतेच, ते दोघांच्या तोंडांकडं बघत होते.

"ऐकलं न्हवं आप्पा? मडक्यावानी वाजतीया," धर्मराज म्हणाला. "घासून घासून भाकरीच्या कडंएवढी राह्यलीय. सांध्यावर मी मागंच घण घातलाय, आता त्यात जीव न्हाई. नवी चढवू. बार्शीहून पट्टी आणलीय, करोडगिरीच्या जकात नाक्यावर अडकली व्हती, कालच सुटली. धाव तापवायला आत्ता गोवऱ्या रचतो, सांजंला दोन्ही चाकं घिऊन जा."

इतकं सोपं होतं ते. 'चढव' म्हटलं असतं की झालं असतं. आप्पारावांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात बंकट लोहाराकडं बघता बघता त्यांच्याकडं वळला. वाटणीनंतर पहिल्यांदाच तो असा समोरून, उघड्या तोंडानं बोलला, आणि आप्पारावांना शब्दन्‌शब्द दिसला.

"इचार त्यांना, धर्मराज. आक्खं गाव होळीपास्नं ऐकतंय हा खडखडाट. त्यांनाच कावून ऐकू येत न्हाई?"

भात्याशी बसलेले दोघेतिघे हसले. बंकटनं ते टोचायला म्हटलं होतं, दुसरं काही त्याच्या मनातही नव्हतं. पण आप्पारावांना ते वेगळंच लागलं. आता 'होय, वाजतेय' म्हणावं, तर इतके दिवस काय करत होतास? उद्या कुणी म्हणेल, परीक्षा घ्या बरं म्हाताऱ्याची, पाठीमागून हाक मारा.

"माझ्या चाकाचं मला कळतं," ते म्हणाले. "काय बी झालं न्हाई त्याला. उन्हानं लाकूड सुकलंय, बस. रातभर डोहात ठिवलं की धाव धरंल. छबीला आणून घिऊ, मंग पावसाच्या तोंडाला बगू."

"आप्पा, पाण्यानं लाकूड फुगंल. लोखंड कुटं जाडं व्हतंय?"

"बाप बी आमचा डोहातच ठिवायचा."

हे खरं होतं. सगळा गाव उन्हाळ्यात चाकं पाण्यात ठेवी. ओलं लाकूड फुगतं आणि ढिली धाव गच्च बसते.

"मंग माझी एकट्याची चढव," बंकट उसळून म्हणाला. "ज्याला बदलायची न्हाई त्यानं बदलू नाय."

"आन् एक चाक उंच, एक ठेंगणं?" धर्मराज हसला नाही. "गाडी सगळी वाट उजवीकडं वढंल, बंकट. उतरताना उजवीकडं दरी हाय. धावा जोडीनं बदलत्यात. एकाची न्हाई चढवणार मी."

बंकटनं आपलं चाक उचलून उभं केलं आणि डोहाची वाट धरली.

संध्याकाळी दोघंही गुडघाभर पाण्यात होते. डोह आटत आला होता, पण चाक बुडेल एवढं पाणी होतं. बंकटनं आपलं चाक एका कडेला आडवं केलं, आप्पारावांनी आपलं दुसऱ्या कडेला. लाकडातून बुडबुडे वर येत राहिले. बंकट तिकडं बघत होता, आप्पाराव इकडं. एका पाण्यात दोन चाकं शेजारी पडली होती, आणि त्यांना कुणी वाटणी सांगितली नव्हती.

सकाळी चाकं काढली. लाकूड टम्म फुगलं होतं, धावेत नख शिरेना. बंकटनं दगड उचलून आधी डाव्यावर मारला, मग जरा थांबून उजव्यावरही. आप्पाराव त्याच्या तोंडाकडं बघत होते. भावाच्या कपाळावरची आठी सैल झाली. म्हणजे चाक खणखणीत वाजलं असणार. आप्पारावांनी निःश्वास सोडला. इतके दिवस ज्या भावाशी बोलले नव्हते, त्याच्याच तोंडावरून त्यांनी चाक ऐकलं.

तिथंच दोघांची चूक झाली. पाण्यानं एका दिवसाची दिलेली घट्टाई त्यांनी लोखंडाची मानली.

*

गाडी दोघांची, म्हणून आणायला दोघंही निघाले. आप्पाराव पुढं कासरा धरून, बंकट मागं पाय सोडून. घाट चढताना उन्हं कोवळी होती, वाट रिकामी होती, आणि गाडी मुकाट चढली.

नांदूरघाटला व्याही राधाकिशन मोठा बोलका माणूस. त्यानं दोघांना एकाच घोंगडीवर बसवलं, दोघांच्या पुढ्यात एकच परात ठेवली, आणि आता उद्या सकाळशिवाय जायचं नाही म्हणाला. व्याह्याच्या दारात अबोला दाखवायचा कसा? बंकट परातीतलं पुरण दादाकडं सारी, आप्पाराव दूध त्याच्याकडं सारत. राधाकिशन पाऊसपाण्याचं, तालुक्याच्या नव्या साहेबाचं, करोडगिरीवाल्यांच्या दांडगाईचं बोलत राहिला. आप्पाराव योग्य जागी मान डोलवत राहिले. "तुमचे भाऊ लई मोजकं बोलतात," राधाकिशन कौतुकानं बंकटला म्हणाला. बंकटनं घास गिळला.

गाडी दिवसभर अंगणात उन्हात उभी होती. दुपारी एकदा आप्पाराव तिच्यापाशी गेले. चाकांवर पाणी मारायला हवं होतं. पण चैत्रात त्या गावाच्या विहिरी तळाला गेलेल्या. बायका कोसावरून डोक्यावर घागर आणत होत्या. लेकीच्या सासरी, माणसाच्या तोंडचं पाणी चाकाला कसं मागायचं? ते हात लावून परत आले. लाकूड अजून गार होतं. टिकेल उद्यापर्यंत, असं त्यांनी धरलं.

पहाटे छबू निघाली. गाडीत कडबा पसरला होता, त्यावर दोन वाकळा. सासूनं ओटी भरली. छबू आता अंगानं भरली होती, चालताना कमरेवर हात ठेवायची. आप्पारावांनी तिला हाताला धरून गाडीत चढवलं आणि क्षणभर ती पुन्हा खांद्यावरची पोर झाली.

घाट येईपर्यंत वाट सपाट. बंकट मागं चालत होता. छबू कासऱ्याजवळ सरकून बसली आणि मोठ्या बाबांच्या पाठीशी बोलू लागली. सासूचं सांगितलं, नणंदेचं सांगितलं, दारातल्या म्हशीनं बादली कशी उलथवली ते सांगून एकटीच हसली. मग म्हणाली, "मोठे बाबा, नाव काय ठिवायचं?"

पाठ हलली नाही.

"मोठे बाबा, रागावलात का?"

पाठ तशीच. बैलांकडं बघणारी, उन्हात स्वस्थ. छबूनं जरा वेळ वाट पाहिली. मग हळूच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आप्पाराव लगेच वळले, तोंडभर हसत. "काय गं बाय?"

त्या हसण्यात राग नव्हता, काहीच नव्हतं. जणू इतका वेळ कुणी बोललंच नव्हतं. छबू त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत एक गोष्ट सावकाश उतरली. मग तिनं ओठ नीट उघडून, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "नाव काय ठिवायचं बाळाचं?"

"लेक झाली तर सावित्री," आप्पाराव म्हणाले. "तुझ्या आजीचं. लई गोड गळा व्हता तिचा."

छबूनं मान डोलवली. त्यानंतर तिनं खांद्यावरचा हात काढलाच नाही.

घाटाच्या माथ्यावर गाडी थांबली. उतारावर गाडी बैलांच्या अंगावर जाऊ नये म्हणून मागच्या बाजूला दोर बांधतात, आणि मागचा माणूस तो कमरेला गुंडाळून, टाचा रोवून गाडीला मागं ओढत उतरतो. बंकटनं दोर बांधला. लचकत्या पायानं हे काम अवघड होतं. आप्पारावांनी खुणेनं विचारलं, मी येऊ का मागं? बंकटनं मान फिरवली.

ऊन वर आलं होतं. वाट दगडाची, उजवीकडं दरी. निम्मा घाट उतरल्यावर बंकटला ते ऐकू आलं.

खद्द. खद्द. खद्द.

उजवं चाक. त्यानं वाकून पाहिलं. एका दिवसाच्या उन्हानं लाकूड पुन्हा आकसलं होतं, आणि म्हातारी धाव घेरावरून बाहेर सरकत होती. प्रत्येक फेऱ्याला थोडी थोडी, दरीच्या बाजूला. सांध्यापाशी एक रेघ पांढरी चमकत होती.

"दादा!" तो ओरडला. "दादा, थांबव!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो शब्द त्याच्या तोंडून आला. पाठ वळली नाही.

धावत पुढं जावं तर दोर सोडावा लागेल, आणि दोर सोडला तर गाडी बैलांवर जाईल. टाचा दगडावरून घसरत होत्या. लचकता पाय थरथरत होता. पुढं दादाची पाठ, तशीच, जशी बांधावरून चालत बाभळीआड गेली होती.

"दादाऽऽ! अरं माझी लेक बसलीय रं गाडीत! दादाऽऽऽ!"

छबूनं बापाचं तोंड पाहिलं, चाक पाहिलं, आणि खांद्यावर होता तो हात गच्च आवळला. दुसऱ्या हातानं तिनं उजवीकडं बोट दाखवलं. आप्पारावांनी मान वळवली. एक क्षण. मग त्यांनी सगळं अंग मागं टाकून कासरा ओढला. बैलांच्या माना वर गेल्या, खूर दगडांवर खरवडले. गाडी थांबली आणि थांबता थांबता धाव चाकावरून निसटली, एका अंगावर गोल फिरत कडेला आपटली, आणि दरीत उतरली. खूप वेळ ती खाली जात राहिली असणार, कारण बंकट खूप वेळ तिकडं बघत होता.

आप्पारावांनी उडी मारून चाकाखाली दगड सारला. छबूला उचलून खाली घेतलं आणि खडकाच्या सावलीत बसवलं. तिच्या पोटावर हात ठेवायला ते धजले नाहीत. हात जवळ नेऊन थांबले. तिनंच तो हात ओढून घेतला आणि पोटावर ठेवला. आतून एक लाथ बसली.

"बरी हाय मी," छबू म्हणाली. त्यांना ते दिसलं, आणि हातालाही कळलं.

बंकट कमरेचा दोर सोडून पुढं आला. दोराचा वळ कापडावरून दिसत होता. तो दादाकडं बघेना. त्यानं बोरीची फांदी तोडली, तिच्या पाचरी केल्या, आणि डाव्या चाकाची धावही सुटायच्या बेतात होती म्हणून तिच्या फटीत ठोकायला बसला. उजव्याचं उघडं लाकूड दोरानं करकचून बांधलं, रिकामी गाडी गावापर्यंत ओढली जाईल एवढं.

"उद्याच धर्मराजकडं जाऊ," आप्पाराव त्याच्या मागं उभं राहून म्हणाले. "दोन्ही धावा बदलू. माझं चुकलं."

बंकटचा हात थांबला नाही. तो चाकाकडं तोंड करून ठोकत होता, आणि ठोकता ठोकता बोलत होता. आप्पारावांना त्याचे खांदे हलताना दिसले. मान हलताना दिसली. मानेवरची शीर ताठ झालेली दिसली. भिंतीकडं तोंड करून पडलेला तोच भाऊ, तीच पाठ, आणि तिच्यापलीकडं पडणारे, न दिसणारे शब्द.

सावलीत बसलेल्या छबूनं तोंड उघडलं. आता ती सांगणार होती. आप्पारावांनी हात वर करून तिला थांबवलं.

ते वाकले. गुडघे धरत भावाच्या आणि चाकाच्या मधे येऊन दगडांवर बसले, आणि लहानपणी त्याचं नाक पुसायला धरत, तशी त्याची हनुवटी हातात धरून तोंड आपल्याकडं वळवलं.

बंकटच्या डोळ्यांत पाणी होतं. "कानात काय बोळे घातलेत का?" तो म्हणत होता. "तवाबी हाक मारली, आजबी मारली. माझ्यावर राग हाय तर हाय, पण पोरीनं काय केलतं तुजं? कावून वळत न्हाईस रं, दादा?"

ह्या वेळी आप्पारावांनी सगळं पाहिलं. एकही शब्द सुटला नाही.

"असंच माझ्याकडं तोंड करून बोलत जा, बंकट," ते म्हणाले. "मला ऐकू येत न्हाई. लई दिस झाले. नाल्यातली तुजी हाक मला आलीच न्हाई रं. मी भैरा हाय."